तुम्ही तर घेत नाही, मग कसं झालं?

पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाला सूज, झाला होता असं कळलं की लोक आवाज उतरवून विचारतात, ‘पण तुम्ही तर घेत नाही ना?’ तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते. नाही, घेत नाही. माझ्या पित्ताशयात खडे होते.

स्वादुपिंडात तयार होणारे पाचक रस तिथे निष्क्रिय असतात. लहान आतड्यात पोचल्यावर ते कामाला लागतात. पित्ताची आणि स्वादुपिंडाची नळी बहुतेकांत आतड्याच्या एकाच तोंडाशी उघडते. तिथे खडा अडकला की रस आतच जागे होतात आणि स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागतं. दारू हे मोठं कारण आहेच, पण रक्तातले ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे एक प्रकारची चरबी, डेसिलिटरला १००० मिलिग्रॅमच्या वर गेले, कॅल्शियम फार वाढलं, काही औषधं बाधली, तरी हे होतं. कधी कधी कारण सापडतही नाही. तेव्हा आवाज उतरवायची गरज नाही.

दुखणं बेंबीच्या वर सुरू होऊन थेट पाठीत जातं. आडवं पडवत नाही. पुढे वाकून बसलं तर जरा सोसतं. रक्तातलं लायपेज, म्हणजे स्वादुपिंडाचा एक पाचक रस, नेहमीच्या मर्यादेच्या तिपटीहून वाढलेलं असलं आणि दुखणंही असं असलं की निदान बहुधा पक्कं. लायपेजचा आकडा बघून घरचे हादरतात, पण आकडा मोठा म्हणजे आजार गंभीर, असं नसतं.

यावर नेमकं औषध नाही. सलाईन, वेदनाशामक आणि बारीक लक्ष. पूर्वी बरेच दिवस उपाशी ठेवत. आता सौम्य आजारात भूक लागली की कमी स्निग्ध जेवण लवकर सुरू करतात. बहुतेक जण आठवडाभरात सावरतात. काहींचं मात्र स्वादुपिंड सडतं, मूत्रपिंड-फुप्फुसं ढेपाळतात. त्यांचा दवाखान्यातला मुक्काम लांबतो.

दुखणं थांबल्यावर घरी जायची घाई होते. पण खडे तिथेच असतात! सौम्य आजारात शक्यतो त्याच मुक्कामात पित्ताशय काढतात. मीही काढून घेतलं. कारण कुठलंही असो, दारू आणि सिगारेट दोन्ही बंद. सिगारेटचं कुणी विचारत नाही, पण तीही स्वादुपिंडाला नडते.

पुढे साखर अधूनमधून तपासायची, कारण या आजारानंतर मधुमेह होऊ शकतो. शौच तेलकट, चिकट होऊ लागली, वजन उतरलं, तर डॉक्टरांना सांगायचं. रस कमी पडत असतील तर एन्झाइमच्या कॅप्सूल देतात, आणि त्या जेवतानाच घ्यायच्या असतात.