तुम्ही विचारलंत म्हणून: बीपीची गोळी सोसत नाही, बंद करू का?

औषधाच्या काउंटरमागे माझी हयात गेली आणि गेली काही वर्षं बीपीची गोळी मीही घेतो आहे. त्यामुळे हा प्रश्न मला जाता-येता विचारला जातो. विचारणाऱ्याने बहुतेक वेळा गोळी आधीच बंद केलेली असते. कुणीतरी मान डोलवावी एवढीच त्याची अपेक्षा असते. मी डोलवत नाही. पण ‘काही होत नाही हो, घ्या मुकाट्याने’ असंही म्हणत नाही, कारण त्रास खरा असतो. मी उलट दोन गोष्टी विचारतो. गोळीचं नाव काय आणि नेमकं होतंय काय?

‘गरम पडते’, ‘मानवत नाही’ यातून काहीच कळत नाही. बीपीची गोळी म्हणजे काही एकच औषध नाही. कुणी रक्तवाहिन्या सैल करते, कुणी लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढते, कुणी हृदयाचे ठोके आवरते. आणि त्रास बहुधा त्याच कामातून उपजलेला असतो, फक्त नको त्या जागी.

माझंच घ्या. अम्लोडिपिन सुरू होती. संध्याकाळी मोजे काढले की घोट्याच्या वर खोल वळ. त्याच्या शेजारी अंगठा दाबून धरला की खड्डा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. सकाळी उठेपर्यंत सूज बरीच उतरलेली, दिवसभर उभं राहिलं की पुन्हा हजर. असं दिसलं की माणूस घाबरतो, किडनी गेली म्हणतो. डॉक्टर तेही तपासतातच, तपासायलाच हवं. पण अम्लोडिपिनची सूज साधी असते. ही गोळी रक्त आणणाऱ्या बारीक धमन्या मोकळ्या करते, रक्त परत नेणाऱ्या शिरा मात्र तेवढ्या मोकळ्या होत नाहीत. मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपतं. शरीरात जादा पाणी साठलेलं नसतं, म्हणून लघवीची गोळी देऊन ही सूज फारशी हलत नाही. 5 मिलिग्रॅमपेक्षा 10 ला ती जास्त दिसते. माझी 10 ची 5 वर आणली आणि जोडीला टेल्मिसार्टन दिली. ही दुसरी गोळी शिराही सैल करते, त्यामुळे सूज कमी होते. घरचे म्हणाले, एक सोसेना म्हणून दोन केल्या! पण दोन वेगळ्या औषधांचे छोटे डोस एका मोठ्या डोसापेक्षा पुष्कळदा दाब जास्त उतरवतात आणि त्रास कमी देतात.

‘दोन दिवस बंद करून पाहिली, सूज तशीच आहे, म्हणजे गोळीची नव्हे’ हा हिशेबही चुकतो. अम्लोडिपिन रक्तातून निम्मी व्हायलाच 30 ते 50 तास लागतात.

खोकल्याची गोष्ट याहून चकवणारी. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या जातीच्या गोळ्या ज्या एन्झाइमला अडवतात, ते दोन कामं करतं: रक्तवाहिन्या आवळणारं रसायन तयार करतं आणि ब्रॅडिकायनिन नावाचं दुसरं रसायन मोडतं. त्याला अडवलं की दाब उतरतो, पण ब्रॅडिकायनिन साचतं आणि घशात खवखव सुरू होते. (या औषधांचा माग ब्राझीलमधल्या जराराका नावाच्या सापाच्या विषातून लागला. त्यातलं पहिलं, कॅप्टोप्रिल, 1981 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं.) कफ नाही, ताप नाही, आडवं पडलं की कोरडी ढास. ती कधी गोळी सुरू केल्यावर काही महिन्यांनी लागते, म्हणून गोळीवर संशयच जात नाही. सिरपच्या बाटल्या रिकाम्या होतात, एक्स-रे निघतो, छाती स्वच्छ. गोळी बदलून लोसार्टन किंवा टेल्मिसार्टन दिली की खोकला जातो, पण त्यालाही काही आठवडे द्यावे लागतात.

पहिल्या दिवसांतली मरगळ आणि उठताना येणारी अंधारी पुष्कळांची आपोआप कमी होते. अंगाला वाढलेल्या दाबाची सवय झालेली असते. कमी झाली नाही, तर उभं राहून बीपी मोजून घ्या.

एक तक्रार पुरुष काउंटरवर सांगत नाहीत, घुटमळतात आणि निघून जातात. लैंगिक दुर्बलता. काही गोळ्यांनी ती येते, वाढलेल्या बीपीनेही येते आणि धास्तीनेही येते. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हृदयविकार असलेल्या पुरुषांना अ‍ॅटेनोलॉल ही ठोके आवरणारी गोळी दिली होती. ज्यांना गोळीचं नावच माहीत नव्हतं, त्यांच्यात शंभरात सुमारे 3 जणांनी ही तक्रार केली. नाव माहीत असलेल्यांत 16 जणांनी. नावाबरोबर हा त्रासही सांगितला होता त्यांच्यात 31 जणांनी. म्हणून मी कुणाला ‘मनाचे खेळ’ म्हणत नाही, पण गोळ्यांच्या खोक्यात घडी करून ठेवलेली माहितीपत्रिका रात्री वाचू नका, एवढं सांगतो. डॉक्टरांना मात्र स्पष्ट सांगा, पर्याय असतात.

अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलोल किंवा क्लोनिडीन तर एका दिवसात तोडून टाकूच नका. पहिल्या दोघींनी आवरून धरलेलं हृदय अचानक उधळू शकतं, क्लोनिडीन सोडल्यावर दाब पूर्वीपेक्षाही वर उसळू शकतो. रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन चालू असताना ‘आरोग्याला चांगलं’ म्हणून मिळणारं कमी सोडियमचं मीठ विचारल्याशिवाय वापरू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि या गोळ्या आधीच ते शरीरात अडवून ठेवतात. याच गोळ्यांवर असताना उलट्या-जुलाब लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. गुडघे दुखतात म्हणून रोज डायक्लोफेनॅक घेणाऱ्यांचं बीपी गोळीला दाद देत नाही, आणि दोष बिचाऱ्या गोळीला लागतो.

आणि रॅमिप्रिलसारख्या गोळीवर असताना ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला, तर पुढची गोळी घेऊ नका आणि माझ्याकडेही येऊ नका. सरळ हॉस्पिटल गाठा, मध्यरात्र असली तरी.