ओसरीवरचा कॉम्प्युटर

सोनी आणि फिलिप्सनं १९९९ मध्ये सुपर ऑडिओ सीडी (एसएसीडी) आणली, साध्या सीडीहून जास्त बारकाईनं आवाज साठवणारी. बहुतेकांच्या घरी ती कधी पोचलीच नाही. आमच्याकडे आली आणि ठाण मांडून बसली. आता प्लेअर थकलाय, ट्रे बाहेर यायला कुरकुरतो, म्हणून डिस्का फायलींमध्ये उतरवून घ्यायचं मनावर घेतलं.

साधी सीडी उतरवण्यात काही राम नाही. ड्राइव्हमध्ये घालायची, चहा टाकायचा, चहा गाळेपर्यंत फ्लॅक फायली (आवाजात काही न गमावता आकार आवळलेल्या) हजर. इथे मामला वेगळा. हायब्रिड डिस्कला दोन थर असतात. एक नेहमीच्या सीडीचा, १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. दुसरा डीएसडीचा, म्हणजे एसएसीडीच्या स्वतःच्या आवाजपद्धतीचा, त्यात प्रत्येक चॅनेलचे सेकंदाला २८,२२,४०० एक-बिटी नमुने. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हला दिसतो फक्त पहिला. वाड्यात कामापुरत्या आलेल्या माणसाला ओसरीवर बसवून पाणी देत, तसं. माजघरात काय शिजतंय याचा पत्ता नाही, आणि कॉम्प्युटरला तर माजघर आहे हेही ठाऊक नसतं.

आत जायची वाट निघाली भलतीकडून. सुरुवातीचे प्लेस्टेशन ३ एसएसीडी वाजवायचे, आणि त्यातलं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर, ३.५५ किंवा त्याआधीचं असेल तर तो आतला थर अख्खा एका आयएसओ फाइलमध्ये, म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल म्हणून, काढता येतो. कॉपी रोखणारं कुलूप लावणाऱ्यांत सोनी, आणि किल्ली सोनीच्याच खेळण्यात! मी पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, चौकशीला गेलो.

"जुना पाहिजे, अपडेट न केलेला."

"काका, अपडेट करून देतो की. फुकट."

"नको, नको! हात लावू नका."

त्यानं माझ्याकडे पाहिलं ते पुण्यातल्या दुकानदाराच्याही मानानं जरा जास्तच कीव करून. शेवटी एका मित्राचा जुना ब्लू-रे प्लेअर कामी आला. ठरावीक चिप असलेल्या काही प्लेअरांना पेन ड्राइव्हवरची छोटी स्क्रिप्ट दिली, की ते लॅनवरून मुकाट्यानं सगळा थर कॉम्प्युटरकडे पाठवतात. (कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५अ आलं. असली कुलपं उघडण्यामागचा हेतू काय, हे त्यात पाहिलं जातं. माझा हेतू माझ्याच खुर्चीपलीकडे जात नाही.)

आता कानांचं. तासाभराचं स्टीरिओ सीडीवर साधारण ६३५ एमबी, डीएसडीत त्याच्या बरोब्बर चौपट. माणसाला ऐकू येतं फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत, तेवढं सीडीतही मावतं. माझ्या वयाला तर त्यातलाही वरचा बराच भाग गळून गेलेला. शिवाय डीएसडीत आवाजाच्या पट्ट्यातली खरखर मुद्दाम वर, कानांच्या पल्ल्याबाहेर ढकललेली असते. म्हणजे त्या वाढीव जागेत खरखरच पुष्कळ. अगदी हळू आणि अगदी मोठ्या आवाजात १२० डेसिबलचं अंतर ठेवण्याची एसएसीडीची ऐट कागदावर ठीक आहे, पण गणपतीआधी नदीकाठी ढोल पथकांचा सराव सुरू झाला की आमच्या खिडकीत त्या ऐटीचं काय होतं, ते विचारू नका.

तरी दोन थर वेगळे वाजतात, हे खरं. कारण बहुतेक वेळा बिटांत नसतं, मास्टरिंगमध्ये, म्हणजे डिस्क काढण्याआधी आवाजावर फिरवलेल्या शेवटच्या हातात, असतं. पुष्कळदा सीडीचा थर जोरात वाजावा म्हणून दाबून, सपाट करून ठेवलेला असतो. आतल्या थरात तबल्याच्या थापेला आणि ती विरण्याला जागा मिळते. नमुन्यांच्या आकड्यांवर भांडणाऱ्यांनी आधी दोन्ही थर एकाच आवाजपातळीवर ऐकावेत, निम्मी भांडणं तिथंच मिटतील.

सीडीच्या थरात अजिबात नसलेली एक गोष्ट मात्र आत आहे. पुष्कळ डिस्कांवर पाच-सहा चॅनेलचं वेगळं मिश्रण असतं; वाद्यवृंद समोर, सभागृहाची घुमक मागून. तेही सगळं मी इमानेइतबारे उतरवून ठेवतोय. घरात स्पीकर दोनच आहेत. बाकीचे आणायचे तर सोफा भिंतीपासून पुढे ओढावा लागेल, आणि सोफ्याचा विषय मी घरात अजून काढलेला नाही.