पंखा लावल्यावर अधिकच रीबूट होणारा राउटर : तीन आठवड्यांच्या नोंदी

पहिला आठवडा

ज्या जुन्या राउटरवर मी ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची लिनक्सवर आधारित मुक्त प्रणाली) बसवून प्रयोग करीत असतो, तो दिवसातून तीन-चार वेळा आपोआप रीबूट होऊ लागला. मोठी फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर पाठवताना हा प्रकार हटकून होई आणि त्या वेळी राउटरच्या तळाला हात लावला तर चटका बसे. त्यामुळे दोष उष्णतेचाच आहे, असे मी कोणतेही मोजमाप न करता ठरवून टाकले. राउटरच्याच यूएसबी पोर्टवर चालणारा एक लहान पंखा त्याच्या जाळीसमोर ठेवला. आवरण कोमट झाले खरे, परंतु रीबूट तीन-चारवरून सात-आठवर गेले.

थंड झालेला राउटर जास्त वेळा बंद पडतो, ही गोष्ट माझ्या निदानात कोठेच बसत नव्हती. तेव्हा जे पहिल्या दिवशी करायला हवे होते ते केले. राउटरमधील नोंदी रॅममध्ये राहतात आणि रीबूटबरोबर पुसल्या जातात, म्हणून त्या नेटवर्कवरील दुसऱ्या संगणकाकडे पाठवण्याची व्यवस्था केली आणि त्यांतच दर मिनिटाला प्रोसेसरचे तापमान लिहिले जाईल असे पाहिले. (लिनक्स हे तापमान अंशाच्या हजाराव्या भागात देते; ६७००० म्हणजे ६७ अंश सेल्सिअस.) दोन दिवस पंख्यासह आणि दोन दिवस पंख्याविना अशा चार दिवसांत २३ रीबूट झाले आणि त्यांच्या आधीची तापमाने ५२ ते ७९ अंशांच्या दरम्यान विखुरलेली होती. याउलट, पंखा काढलेल्या एका रात्री पारा ८८ अंशांपर्यंत गेला, तरी राउटर सकाळपर्यंत चालू होता. शिवाय प्रत्येक रीबूटपूर्वी नोंद मध्येच तुटलेली होती, त्रुटीची एकही ओळ नव्हती. सॉफ्टवेअर कोसळते तेव्हा जाता जाता बहुधा काहीतरी सांगून जाते. इथे कोणीतरी प्लग उपटावा तशी शांतता होती.

आणखी एक खूण मी आळसाने दुर्लक्षिली होती. रात्रभर बंद ठेवलेला राउटर सकाळी पहिल्या प्रयत्नात सुरू होत नसे, दिवे लागून विझत. दोन-तीनदा बटण दाबल्यावर मात्र तो चाले आणि त्यानंतर लगेच बंद करून पुन्हा लावला तर तक्रार नसे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारा, आत द्रव असलेला भाग) सुकू लागला की त्याचा अंतर्गत रोध, म्हणजे ईएसआर, वाढतो आणि थंड स्थितीत तो आणखी जास्त असतो. किंचित तापल्यावर कपॅसिटर पुन्हा कामाला लागतो. थंडपणी अडणारे आणि तापल्यावर सुधारणारे उपकरण दिसले की मी यापुढे आधी कपॅसिटरवर संशय घेईन.

दुसरा आठवडा

अ‍ॅडॅप्टर ५ व्होल्ट, २ अँपिअरचा; संशय असलेला कपॅसिटर त्याच्याच आत असतो, म्हणून तपासणी त्याच्यापासून सुरू केली. मोकळ्या पिनवर मल्टिमीटरने ५.१५ व्होल्ट दाखवले. भार नसताना घेतलेल्या या आकड्यावर विसंबून पुष्कळजण अ‍ॅडॅप्टर निर्दोष ठरवतात, आणि मीही पूर्वी ठरवले आहेत. या वेळी पिनवर ४.७ ओहमचा, १० वॅट क्षमतेचा रोधक जोडला. ५ व्होल्टला त्यातून साधारण १.१ अँपिअर वाहतो आणि तो पाच वॅटांहून अधिक उष्णता सोडतो, म्हणून त्याला सिरॅमिक टाइलच्या तुकड्यावर ठेवावे लागले. मीटरचा आकडा ४.५५ वर उतरला. वाईट, पण रीबूट व्हावे इतका वाईट नव्हे.

खरी गंमत व्होल्टेजचे क्षणोक्षणीचे चढउतार पडद्यावर रेषेने दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपने दाखवली. ४.५५ ही केवळ सरासरी होती. प्रत्यक्षात रेषा शिखरापासून दरीपर्यंत ०.९ व्होल्टने वरखाली होत होती, म्हणजे क्षणोक्षणी व्होल्टेज ४.१ च्या आसपास जात होते. अ‍ॅडॅप्टरमधील स्विचिंग सेकंदाला हजारो वेळा होत असल्याने साधा मल्टिमीटर हे पाहूच शकत नाही. त्याच्या एसी श्रेणीवरही विश्वास ठेवण्यात अर्थ नाही, कारण बहुतेक स्वस्त मीटर त्या वारंवारतेला आंधळे असतात.

त्यात वायरची भर होती. दीड मीटर लांबीची बारीक वायर, जाऊन-येऊन तीन मीटर तांबे, एकूण रोध साधारण ०.४ ओहम, १.१ अँपिअरला ०.४४ व्होल्ट वाटेतच जिरतात. बारा व्होल्टच्या राउटरमध्ये इतकी घट कोणाच्या लक्षातही येणार नाही, पाच व्होल्टमध्ये ती जवळजवळ अकरावा हिस्सा असते. त्यातच राउटरच्या बोर्डवरील, व्होल्टेज उतरवून चिपना देणारा कन्व्हर्टर आपल्याला हवे तितके वॅट घेतल्याशिवाय राहत नाही : व्होल्टेज पडले की तो करंट वाढवतो, करंट वाढला की वायरमधील घट वाढते आणि व्होल्टेज आणखी पडते. पंख्याचे ०.२ अँपिअर याच रांगेत येऊन उभे राहत होते. राउटर थंड करण्याच्या नादात मी त्याच्या ताटातला घास पंख्याला देत होतो.

बेंच पॉवर सप्लायवर (हवे ते स्थिर व्होल्टेज देणाऱ्या प्रयोगाच्या उपकरणावर) ५.१ व्होल्ट देऊन, जाड आणि आखूड वायरने राउटर ४८ तास चालवला, दोन्ही वाय-फाय रेडिओंवर सतत फाइली पाठवल्या. एकही रीबूट नाही.

दोषी अ‍ॅडॅप्टर कुतूहलापोटी उघडला. (वीजपुरवठ्याच्या बाजूचा मोठा कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही ३०० व्होल्टहून अधिक धरून राहू शकतो, तो रोधकातून रिता करून मीटरने शून्य पाहिल्याखेरीज आत बोट घालू नये.) आउटपुटचा कपॅसिटर वरून सपाट, अजिबात फुगलेला नव्हता, तरी ईएसआर मीटरने २.६ ओहम दाखवले. चांगल्या कपॅसिटरला तिथे ०.१ च्या आत असायला हवे. १०५ अंशांवर २००० तास असे आयुष्य लिहिलेल्या कपॅसिटरचे आयुष्य, तापमान दर १० अंशांनी उतरेल तसे साधारण दुप्पट होते. हा अ‍ॅडॅप्टर मात्र एक्स्टेन्शन बोर्डवर दुसऱ्या दोन अ‍ॅडॅप्टरांच्या मध्ये चेपून बसलेला होता. म्हणजे उष्णता दोषी होतीच, मी फक्त तिचा पत्ता चुकीचा लिहून घेतला होता.

तिसरा आठवडा

नवा ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर लावला. अँपिअर जास्त असल्याने काही बिघडत नाही, उपकरण लागेल तेवढेच ओढते; व्होल्टेज, पिनचा व्यास आणि मध्यभागी धन टोक मात्र जुळलेच पाहिजे. २.१ आणि २.५ मिलिमीटरच्या पिना डोळ्यांना सारख्याच दिसतात आणि चुकीची बसवली तर सैल जोड तापत राहतो.

मग उरलेल्या ८८ अंशांकडे वळलो. प्रोसेसरवरचा थर्मल पॅड (चिपची उष्णता धातूच्या हीटसिंककडे नेणारी मऊ पट्टी) खडूसारखा कोरडा झाला होता. तिथे थर्मल पेस्ट लावण्याचा मोह मी टाळला, कारण चिप आणि हीटसिंक यांच्यात जवळजवळ एक मिलिमीटरची फट आहे आणि एवढी फट पेस्टने भरत नाही. एक मिलिमीटरचा नवा पॅड बसवला आणि राउटर आडवा ठेवण्याऐवजी जाळ्या वर-खाली येतील असा उभा केला. त्याच फाइली, तसाच वेळ : ७३ अंश.

पंखा काढून ठेवला आहे. अपटाइम, म्हणजे रीबूट न होता चालल्याचा काळ, आज १२ दिवस दाखवतो. जुन्या अ‍ॅडॅप्टरमध्ये लो-ईएसआर कपॅसिटर डाग देऊन बसवला असून रिपल, म्हणजे व्होल्टेजची ती वरखाली, ०.०६ व्होल्टवर आला आहे, तरी तो राउटरला पुन्हा लावणार नाही. प्रयोगाच्या टेबलावर, माझ्या डोळ्यांसमोरच वापरीन.