श्वास सोडा आणि थांबा: ल्युपस असताना केलेला हृदयाचा एमआरआय

२०१६ पासून मला ल्युपस आहे, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार. सांधे, गालांवरचे चट्टे, लघवीतली प्रथिनं यांच्यावर नजर ठेवायची सवय झाली होती. हृदयाकडे लक्ष गेलं ते ज्योतिबाच्या पायऱ्यांवर. अर्ध्यातच धाप लागली, धडधड थांबेना. सत्तरीच्या सासूबाई पुढे गेल्या आणि मी कठडा धरून बसले.

ईसीजीत थोडा फरक होता, रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे वाढतं) किंचित वाढलेलं. टू-डी इको मात्र चांगला आला, पंपिंग ६० टक्के. मला हायसं वाटलं, पण संधिवाताच्या डॉक्टरांचं समाधान होईना. "इकोत हृदय किती जोरानं काम करतं ते कळतं. स्नायूला सूज असेल तर ती दर वेळी दिसेलच असं नाही. आपण हृदयाचा एमआरआय करू."

पहिल्या दोन सेंटरांत 'हो, एमआरआय होतो' एवढंच ऐकून गेलो आणि परत आलो. मणक्याचा होतो, हृदयाचा नाही. म्हणून फोनवर थेट विचारा: ईसीजीशी जोडून हृदयाचा एमआरआय करता का, आणि तो वाचतं कोण?

आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासलं, त्यावरून किडनी कशी चालते ते कळतं. गॅडोलिनियम नावाचं औषध शिरेतून देतात, ते किडनीवाटे बाहेर पडतं. ल्युपसमध्ये किडनी बघूनच पुढे जायला हवं. मंगळसूत्र, हुपरीची जोडवी, सगळं काढून यांच्या हातात दिलं. जोडवी निघता निघेनात, तेव्हा सकाळीच घरी साबण लावून काढावीत.

खरी परीक्षा श्वासाची. श्वास घ्यायचा, सोडायचा आणि सोडलेल्या अवस्थेत दहा-पंधरा सेकंद थांबायचं. असं कितीतरी वेळा. छाती हलली की चित्र पुसट येतं. पहिल्या चार-पाच वेळा मला जमेना, मशीनच्या नळीत रडू आलं. टेक्निशियन दादा आत आले, म्हणाले, "ताई, घाई नाही. पोट सैल सोडा, मग थांबा." त्यानंतर जमलं. आदल्या आठवड्यात घरी घड्याळ लावून सराव केला असता तर ते रडू टळलं असतं, हे मी आता प्रत्येकीला सांगते.

औषध गेलं तेव्हा दंडात गार लागलं. मग दहाएक मिनिटं थांबून पुन्हा चित्रं. निरोगी स्नायूतून औषध लवकर निघून जातं, इजा झालेल्या जागी रेंगाळतं आणि ती जागा पांढरी उमटते. सगळं मिळून तासभर लागला. यात क्ष-किरण नसतात, हे मला नंतर कळलं.

रिपोर्ट बघताना डॉक्टरांनी दोन गोष्टी वेगवेगळ्या दाखवल्या. स्नायूत पाणी धरलं होतं, म्हणजे सूज ताजी. आणि बाहेरच्या कडेला एक बारीक पांढरी रेघ. "पाणी औषधानं उतरू शकतं. म्हणून आज सापडलं हे बरं." तीन दिवस सलाईनमधून स्टेरॉइड, मग गोळ्या, सोबत प्रतिकारशक्ती आवरणारं दुसरं औषध.

सहा महिन्यांनी पुन्हा तोच एमआरआय. पाणी उतरलेलं. रेघ तशीच आहे. डॉक्टर म्हणाले, हा व्रण बहुधा राहील, धडधड वाढली तर लगेच यायचं. दोन्ही सीड्या मी किडनीच्या फाइलीतच ठेवल्यात, तारखा वरच लिहून.