पानात ठेवलेलं बोट

वाचताना कुणी हाक मारली की आपण पुस्तक मिटतो, पण बोट पानातच ठेवतो. एडिटरमध्ये मजकूर निवडून मी दुसऱ्या विंडोत डोकावतो, तेव्हा माझी अपेक्षा एवढीच असते. आत्ता येतो, बोट काढू नका.

विंडोजमधला मजकूर लिहायचा साधा चौकोन ते काढतो. फोकस, म्हणजे टाइप केलेलं जिथे उमटणार ती जागा, दुसरीकडे गेला की निवडीचा रंग गायब. निवड आत शाबूत असते, फक्त दिसत नाही. ती दिसायला हवी असेल तर प्रोग्रामरने ‘ईएस नोहाइडसेल’ असं मुद्दाम लिहायचं. म्हणजे लपवणं हा रिवाज, आणि दाखवण्यासाठी अर्ज! शब्द शोधायचा डबा उघडला की फोकस तिकडे जातो. मग सापडलेला शब्द दिसणार कसा? बॅटरी लावून चष्मा शोधायचा आणि सापडला रे सापडला की बॅटरी विझवायची, त्यातला प्रकार.

रंग जसाच्या तसा ठेवणंही बरं नाही. एकदा शेजारशेजारच्या दोन विंडोंत तोच गडद निळा होता. इकडे बघत डिलीट दाबलं आणि तिकडचा परिच्छेद गेला. कंट्रोल-झेडने निभावलं.

मॅकवर फोकस गेलेली निवड करडी होते. तोडगा समंजस आहे, पण काळ्या थीममध्ये करडा बुडतो. शिवाय हल्ली चालू ओळही करडी, तोच शब्द आणखी कुठे आला असेल तर तोही करडा. यातलं माझं कोणतं?

मला जुन्या मॅकिंटॉशमधली एक सोय जास्त पटते. विंडो मागे गेली की भरलेला रंग जायचा आणि निवडीभोवती नुसती रेघ उरायची. ॲपलच्या ‘एमपीडब्ल्यू’ या प्रोग्रामिंगच्या साधनात तिची खरी गरज होती, कारण पुढच्या विंडोत लिहिलेली आज्ञा मागच्या विंडोतल्या निवडीवर चालवता यायची. मागे गेलेली निवड तिथे नुसती खूण नव्हती, कामाचा माल होती. रेघेत अक्षरांचा रंग बिघडत नाही, आणि पुढची विंडो कोणती हा घोळही होत नाही.

हे लिहिता लिहिता वरचा एक परिच्छेद निवडून मी शब्दकोश बघायला गेलो होतो. परत आलो तर निवड जागच्या जागी, करडी, व्यवस्थित. ती कशासाठी केली होती, तेवढं आठवत नाहीये.