नवव्या एंडमधला एक गुण घ्यावा का?

कर्लिंगमध्ये, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळात, एखाद्या एंडमध्ये (डावात) एकच गुण घ्यावा की सोडावा, हे मोजणारा कोड मी लिहितोय. त्यात गेल्या वेळी अडलं होतं ते सुटलं. कोऱ्या, म्हणजे कुणालाच गुण न मिळालेल्या, एंडनंतर हॅमर, म्हणजे शेवटचा दगड टाकायचा हक्क, त्याच संघाकडे राहतो. माझा कोड तो समोरच्या संघाला देऊन टाकत होता. मिश्र दुहेरीत एंड कोरा गेला की हा फायदा खरंच हातचा जातो; तिथला नियम मी चौघांच्या खेळाला लावून बसलो होतो. बोरिवली-चर्चगेट प्रवासात वहीत एकेक ओळ हाताने सोडवली, तेव्हा दादरच्या आसपास चूक सापडली.

या सगळ्याची सुरुवात कॅरमच्या बोर्डावर झाली. आमच्या मजल्यावरचे काका टीव्हीवर कर्लिंग बघताना म्हणाले, "अरे, पदरात पडणारा गुण कुणी सोडतं का?" राणी कव्हर करण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाचा प्रश्न, मला तो रास्तच वाटला.

मांडणी साधी आहे: गुणांतला फरक, उरलेले एंड आणि हॅमर कुणाकडे. दहाव्या, म्हणजे शेवटच्या, एंडपासून मागे मोजत यायचं. हॅमरवाल्या संघासाठी मी धरलेलं कोष्टक असं: तीन गुण 8 टक्के, दोन 30, एक 27, कोरा 15, एक गुण चोरीला (म्हणजे हॅमर नसलेल्या संघाला) 15, दोन चोरीला 5. हे माझं गृहीतक आहे, सामन्यांच्या नोंदींतून काढलेले आकडे नव्हेत.

नववा एंड, बरोबरी, हॅमर आपल्याकडे. एक गुण घेतला तर आघाडी मिळते, पण दहाव्यात हॅमर त्यांच्याकडे जातो: जिंकण्याची शक्यता 56 टक्के. एंड कोरा सोडला तर 76! काकांना वही दाखवली, त्यांनी दोनदा बेरीज तपासली.

आठव्या एंडमध्ये मात्र हेच आकडे 61 आणि 67 येतात. अजून दोन एंड बाकी असतात, त्यामुळे घेतलेल्या गुणाची किंमत वाढते आणि हॅमरची थोडी उतरते. मला हा निकाल नवव्यापेक्षा जास्त आवडला.

मग कोष्टकच हलवून पाहिलं. हॅमर असूनही दोन किंवा जास्त गुण 30 टक्केच, एक गुण 25, कोरा 15, चोरी 30, आणि दोन्ही संघ असेच. नवव्या एंडचा फरक कोरा सोडला तर 65, एक गुण घेतला तर 61 इतकाच उरला. म्हणजे कोरा सोडण्याचा सल्ला बराचसा हॅमरचं सोनं करता येण्यावर उभा आहे, आणि नवख्या संघांनी तो डोळे मिटून उचलू नये असं माझं ठाम मत झालं आहे.

मॉडेलची मोठी उणीव अजून तशीच आहे: गुणफरक काहीही असो, कोष्टक एकच. प्रत्यक्षात पिछाडीवरचा संघ गार्ड (आडोशाचे दगड) लावून हाऊससमोर, म्हणजे लक्ष्याच्या वर्तुळांसमोर, गर्दी करतो, आघाडीवरचा ते उडवत सुटतो. त्यामुळे आता आघाडी, बरोबरी आणि पिछाडी अशी तीन कोष्टकं करतोय. पिछाडीचं अर्धं झालंय.