पुराची सवय आणि अमोनियाची गळती

बेदाण्याच्या हंगामात सांगली-तासगाव पट्ट्यातील शीतगृहे खोक्यांनी भरलेली असतात आणि त्यांतील अनेक अमोनियावर चालतात. अशाच एका शीतगृहातून गळतीची वर्दी आली तेव्हा मी अग्निशमन दलात ड्युटीवर होतो. यंत्रातील तेल काढताना व्हॉल्व्ह पुन्हा नीट बसला नव्हता. हे काम दिसते किरकोळ, पण अमोनियाच्या यंत्रणेत घात बहुधा तिथेच होतो.

जवळचा रस्ता सोडून आम्ही वळसा घेतला, कारण देवळावरचा भगवा झेंडा शीतगृहाकडून वस्तीकडे फडफडत होता आणि आम्हाला वारा पाठीशी घेऊन पोहोचायचे होते. वस्तीत पाहतो तो निम्मी माणसे गच्चीवर चढलेली! 2019 च्या महापुराने संकट आले की वर जायचे हे सांगलीकरांच्या अंगवळणीच पाडले आहे. पाणीपुरवठा केंद्रातील क्लोरिन गळला असता, तर तो हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्याने उंचावर जाण्यात अर्थ होता. अमोनिया मात्र हवेपेक्षा हलका. गळताना थंड धुक्यासारखा जमिनीलगत सरकतो आणि ऊब मिळताच वर चढतो, त्यामुळे उघड्या गच्चीवर आसरा नाही. ‘खाली उतरा, घरात जा, दारे-खिडक्या लावा, कूलर बंद करा, फटींत ओली फडकी कोंबा,’ असे आम्ही भोंग्यावरून ओरडत राहिलो. रस्त्यावर असलेल्या बायकांना ओला पदर नाकाशी धरून वाऱ्याला आडवे निघायला सांगितले. अमोनिया पाण्यात झटकन विरघळतो, तेव्हा बाहेर पडण्यापुरता पदर उपयोगी पडतो, तिथे थांबून राहण्यासाठी नव्हे.

श्वसनसंच लावलेले दोघे आत गेले आणि त्यांनी टाकीजवळचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. बाहेर आम्ही पाण्याच्या तुषारांचा पडदा धरला, पण जमिनीवर साचलेल्या द्रवावर धार पडू दिली नाही. उणे 33 अंशांना उकळणाऱ्या त्या द्रवाला नळाचे पाणीही तापलेल्या तव्यासारखेच, आणि धार पडली असती तर वायू दुपटीने उसळला असता.

यंत्रचालकाची बाही थिजून मनगटाला चिकटली होती. एक सहकारी ती ओढू लागताच मी त्याचा हात धरला, कारण बाहीबरोबर कातडीही निघाली असती. आधी भरपूर पाणी ओतले, डोळे पंधरा मिनिटे सलग धुतले आणि फुप्फुसांची सूज काही तासांनीही येऊ शकते म्हणून, ‘आता बरे वाटते’ असे तो म्हणत असतानाही, त्याला रुग्णवाहिकेत बसवले.